तीन पाण्यांचा कोंबडा

“धुवाचा म्हतलं ना! तीन पान्यानं धुवाचा, अन् माह्यासमोर!”

माणिकबाईंनी परात अशी आपटली की चुलीशेजारी झोपलेली मांजर उठून पळाली. परातीत कोंबडा होता. सकाळीच कापलेला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजून सोललेला, तुकडे करून ठेवलेला. सुभद्रा हळदीनं माखलेला हात तसाच वर धरून बसली. लग्न होऊन आली तेव्हापासून या घरातला प्रत्येक कोंबडा तिनंच रांधला होता, आणि बाई, तू तो धुतेस की नाही, असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. खाणारे बोटं चाटत उठत होते, आणखी काय पाहिजे? पण काल पाणी भरता भरता धाकट्या जावेनं, कौशल्यानं, सासूच्या कानात सोडून दिलं, “जाऊबाई कोंबडा धुतच नाईत, आत्याबाई. नुसता फडक्यानं पुसतात अन् हळद-मीठ चोळतात.” झालं! सासूबाई रात्रभर धुमसत राहिल्या आणि सकाळी फुटल्या.

त्यात दिवस कोणता, तर आजचा. आज नांदगाव खंडेश्वराकडचे पाहुणे यायचे होते. सुभद्राच्या नवऱ्यासाठी, सूर्यभानसाठी, दुसरी बायको करायची, हे दिवाळीतच घरात पक्कं झालं होतं. आज मुलीकडचे घर बघायला येणार होते. म्हणजे सुभद्राची सवत ठरणार होती, आणि त्या बैठकीचा कोंबडा सुभद्रानंच रांधायचा होता. वाढायचाही तिनंच. थोरलीनं आपल्या हातानं पाहुण्यांना वाढलं म्हणजे तिची ना नाही, असा या घराण्यातला रिवाज. आणि नाही वाढलं तर गाठोडं बांधून माहेरची वाट धरायची, हाही रिवाजच. वा रे रिवाज! बाईनं कोणत्याही बाजूनं हात पुढं केला तरी भाजणारच.

“काय म्हनून राहिली मी? आयकू येते का नाई?”

“आयकू येते, आत्याबाई,” सुभद्रा म्हणाली. “पन मी मांस धूत नाई. माह्या हातचं पाहिजे असंन तं माह्या रीतीनं होईन.”

“तुही रीत! तुह्या खारट गावची रीत!”

हे मात्र खरं होतं. सुभद्रा खारपाणपट्ट्यातली, अकोल्याकडची, पूर्णेच्या काठची. तिकडच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही. गोड्या पाण्यासाठी बायका नदीच्या वाळूत झिरा उकरतात आणि वाटीवाटीनं घागर भरून डोक्यावर आणतात. असं पाणी मांसावर ओतणाऱ्या सुनेला तिकडच्या सासूनं घराबाहेर काढलं असतं. म्हणून तिकडं कोंबडा जाळावर नीट भाजायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचा, हळद-मीठ चोळायचं आणि चांगला रटरटा शिजवायचा.

पण नुसती पाण्याची काटकसर असती तर सुभद्रानं इकडं येऊन रीत बदललीही असती. इकडं विहिरी गोड, पाणी हवं तेवढं. गोष्ट निराळीच होती. सुभद्रा लहान असताना गोड्या पाण्याच्या गावाहून तिची एक मावशी आली आणि तिनं मोठ्या हौसेनं कोंबडी धुतली. शेजारीच कांदा चिरून ठेवलेला होता, त्यावर ते पाणी उडालं. ज्यांनी नुसती रस्सा-भाकर खाल्ली ते ठणठणीत राहिले. ज्यांनी तो कांदा खाल्ला त्यांना ओकारी आणि हगवण लागली. सुभद्राची धाकटी बहीण त्यातच गेली. गावानं मरीमायचा कोप म्हणून बोकड दिला. माय मात्र एवढंच म्हणाली होती, “पानी घान नेत नाई, पोरी. चार जागी नेऊन ठेवते. मांसाची घान जाते ते जाळानं.” तेव्हापासून मायच्या घरात कच्च्या मांसावर पाण्याचा थेंब पडला नाही, आणि सुभद्राच्या हातूनही पडला नाही.

हे सगळं ती सासूला सांगणार कधी? सासूबाईंना ऐकायचंच नव्हतं.

“नांदगावची मानसं आज घान खातीन का माह्या घरी? गावोगाव सांगतीन, त्या घरी कोंबडं धूत नाई म्हनून!”

“आजवर तुमीच खाल्लं ना, आत्याबाई. अमरावतीच्या भाच्याले सांगत होत्या, माह्या सुनेच्या हातचा रस्सा खाय म्हनून.”

कौशल्या कोपऱ्यात बसून जेवणासोबत कच्चं खायचं काकडीसारखं वाळूक चिरत होती. तिला हसू आलं, आणि ते तिनं पदरात दाबलं. माणिकबाईंना ते दिसलं. आता मात्र त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण सुनेचं बोलणं सोळा आणे खरं होतं आणि खरं बोलणाऱ्या सुनेचा जेवढा राग येतो तेवढा खोटं बोलणारीचा येत नाही.

आवाज ऐकून सूर्यभान मधल्या दारात आला. धिप्पाड, देखणा माणूस. शेतात चार जणांचं काम एकटा ओढायचा. घरात मात्र आईसमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची.

“काय झालं वं?” त्यानं विचारलं. नेमकं कुणाला, ते त्यालाही ठाऊक नसावं.

“विचार तुह्या बायकोले,” माणिकबाई म्हणाल्या आणि पाणी आणायला मागं गेल्या.

सुभद्रानं डोईवरचा पदर पुढं ओढला. तेवढ्यापुरती दोघांना सवड होती, कौशल्या होती तरी. सुभद्रा हळूच म्हणाली, “कोंबड्याचं जाऊ द्या. मले एकच सांगा. तुमाले पाहिजे का ते पोरगी?”

“मले काय पाहिजे...” सूर्यभान दाराची चौकट खरवडू लागला. “माय म्हनते. बाबा म्हनतात. एवढं मोठं वाढलं सारं, मागं कोनी पाहिजे म्हनतात.”

“तुमी काय म्हनता?”

“मी कुठं नाई म्हनतो तुले? तू राहशीनच ना अठीच. तुहं काय कमी होईन?”

सुभद्रानं त्याच्याकडं पाहिलं. या माणसाचा तिला राग येत नव्हता, हेच मोठं दुःख होतं. रागावता आलं असतं तर सोपं गेलं असतं. त्याचा तिच्यावर जीव होता, आणि तो जीव त्याच्या तोंडात एक वाक्यही घालू शकत नव्हता.

“जा तुमी ओसरीवर,” ती म्हणाली. “गाडी येईन आता.”

तो गेला. सुटल्यासारखा गेला.

या सगळ्याच्या मुळाशी कापूस होता. साता समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई लागली म्हणे, आणि तिकडचा कापूस अडला म्हणून इकडच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव चढला. अमरावतीच्या पेठेत गाड्यांची रीघ लागली. अकोल्याकडं आगगाडीचा लोखंडी रस्ता येतो आहे म्हणतात, मग तर विचारूच नका. सासरे खुशालराव यांनी पितळी घुंगरांची नवी दमणी, बैलांची हलकी गाडी, घेतली, माणिकबाईंच्या गळ्यात सोन्याची पुतळ्यांची माळ आली. गरिबीत सूर्यभानला मूल नाही याची कुणाला आठवण नव्हती. सोनं घरात आलं आणि पाठोपाठ प्रश्न आला, हे सारं कोणासाठी? धाकट्या पंजाबरावाला, कौशल्याच्या नवऱ्याला, दोन मुली. मग थोरल्याचं दुसरं लग्न करा! मुलगा नाही म्हणून कुणी सोनं परत केलं, असं मात्र कधी ऐकिवात नाही.

आणि घरभर तो कापूस. भाव अजून चढेल म्हणून खुशालरावांनी विकला नव्हता. मधल्या खोल्या भरल्या, मागची पडवी भरली, न्हाणीच्या दारापर्यंत ढीग आला. न्हाणीत पाणी सांडायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद, आंघोळीसुद्धा विहिरीवर. म्हणून माणिकबाई पाण्याची बादली घेऊन आल्या त्या सरळ स्वयंपाकघरातच बसल्या. सुभद्राच्या पुढ्यातली परात त्यांनी आपल्याकडं ओढली.

“तू नको धू. तुहे हात झिजतीन. मीच धुतो.”

“आत्याबाई, अठी नका. वाळूक चिरेल हाय बाजूले.”

“वाळकाले काय होते? तेही पान्यानंच धुतलं ना?”

आणि त्यांनी धुवायला सुरुवात केली. राग सगळा हातात उतरलेला. तुकडे असे खळबळून काढले, एकेक असा झटकला की पाणी भिंतीवर उडालं, पाट्यावर उडालं, कौशल्याच्या लुगड्यावर उडालं. हातभर अंतरावर वाळकाची थाळी. पिवळट फोडींवर तांबूस थेंब पडलेले सुभद्राला स्पष्ट दिसले. कौशल्यानंही पाहिलं, पाहिलं आणि थाळीवर मीठ भुरभुरलं.

“वाळूक टाकून द्या, आत्याबाई,” सुभद्रा म्हणाली. “मी दुसरं चिरतो.”

“दुसरं कुठून आनशीन? वाडीतलं सरलं. पाहुन्याच्या पोरीले वाळूक आवडते म्हनून सांगून पाठवलं त्यायनं, अन् तू टाकून दे म्हनते? माह्या हातचं पानी उडालं तं इटाळलं का तुह्या लेखी?”

“इटाळाचं नाई बोलून राहिली मी. खानारा आजारी पडंन.”

“गप! शुभ कामाच्या दिवशी आजार काढते तोंडातून? जळून राहिली तू, म्हनून हे सुचते तुले!”

बाहेर घुंगरं वाजली. गाडी आली होती. माणिकबाई हात धुऊन, पुतळ्यांची माळ नीट करून, तोंडभर हसत बाहेर गेल्या. आत्ता इथं ओरडणारी बाई ती हीच, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

कौशल्या उठता उठता पुटपुटली, “माह्यावर राग नका धरू, जाऊबाई. मले दोन पोरीच हायत. उद्या माहीही पाळी येईन. आत्याबाईच्या मर्जीत राहलं पाहिजे ना मले.”

“तू सांगतलं ते खरंच सांगतलं,” सुभद्रा म्हणाली. “खऱ्याचा काय राग धराचा?” पण राग आलाच होता.

पाहुणे तिघेच होते. मुलीचा बाप भगवंतराव, त्याची म्हातारी आई दुर्गाबाई, आणि मुलगी जमुना. मुलीला घर पाहायला कोणी आणत नाही. पण जमुनेची आई मागच्या साली महामारीत गेली आणि तेव्हापासून ती आजीचा पदर सोडत नव्हती. भगवंतराव ओसरीवर खुशालरावांशी कापसाच्या गोष्टी करायला बसला. त्याचं मन कधीचंच झालं होतं. एवढं मोठं घर, एवढी जमीन, दुसरेपणावर मुलगी द्यायची म्हणून देणंघेणंही कमी. अडलं होतं ते म्हातारीपाशी. नात सवतीच्या हाताखाली द्यायला तिचा जीव धजत नव्हता. हा निरोप मध्यस्थानं आधीच आणला होता, म्हणून तर आजचा थाट.

सुभद्रानं पाणी नेऊन दिलं आणि वाकून पाया पडली. म्हातारीनं तिची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडं वळवलं.

“तू थोरली का?”

“हो.”

“चांगली हाय वं दिसाले. माहेर कोनतं?”

“पूर्नेकाठचं. खारपानातलं.”

“कष्टाचा मुलूख,” दुर्गाबाई म्हणाल्या. मग माणिकबाई शेजारी बसलेल्या असतानाच त्यांनी रोखठोक विचारलं, “मले खरं सांग, बाई. तुले हे चालते का?”

माणिकबाईंचे डोळे सुनेवर खिळले. बाहेर ओसरीवरची बोलणीही क्षणभर थांबल्यासारखी वाटली. हो म्हण, हो म्हण, असं सारं घर मुक्यानं ओरडत होतं.

सुभद्रा खाली पाहत राहिली. “मोठ्या मानसायनं ठरवलं,” ती कोरडेपणानं म्हणाली. “मले कोनं विचारलं?”

म्हातारीचा चेहरा उतरला. तिनं नातीला जरा जवळ ओढलं. ते पाहून सुभद्राच्या छातीत काहीतरी उमललं. आशा! म्हातारीच नाही म्हणेल. आपण फक्त तोंड असंच आंबट ठेवायचं, एक गोड शब्द बोलायचा नाही, आणि हे लोक आल्या पावली परत जातील. देवा, एवढं होऊ दे, मग जन्मभर सासूची बोलणी खाईन.

ती स्वयंपाकघरात परतली. धुतलेला कोंबडा तिनं तवलीत घातला. आता तो शिजणारच होता, त्याचं काही भय नव्हतं. मसाला परतला, तेल सुटलं, पाणी ओतून तिनं जाळ वाढवला. पाटा राखेनं घासला, भिंतीवर शेणाचा हात फिरवला. राहता राहिली वाळकाची थाळी. ती तिनं उचलली आणि मागच्या दाराशी गेली.

तिथंच तिचे पाय थांबले.

का टाकायची? तिनं सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. कौशल्या साक्षीला होती. सासूनं तिचं ऐकलं नाही. आता हे वाळूक पाहुण्यांच्या ताटात गेलं तर जाऊ दे. फार काय होईल? गाडीत बसता बसता पोटं बिघडतील, दोन दिवस हाल होतील. आणि मग? ज्या घरी बोलणीला गेलो आणि ओकत परत आलो, त्या घरी कोणी मुलगी देत नाही. सवत आणण्याचं नाव पुन्हा निघणार नाही. आणि तिचा दोष शून्य! विचार इतका सोपा होता की ती स्वतःच दचकली. पण थाळी तिनं टाकली नाही. परत आणून चुलीपासून दूर, फळीखाली ठेवली.

“मोठ्या मानसायनंच ठरवलं,” ती स्वतःशी म्हणाली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.

दोन भाकरी झाल्या असतील. मागं बांगड्यांचा बारीक आवाज झाला. जमुना दारात उभी होती. अंगावर नवं कोरं लुगडं. निऱ्या एका हातात गोळा करून धरलेल्या, कारण सोडल्या तर सगळंच सुटेल अशी तिला भीती. डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं.

“आजी तिकडं बोलून राहिली,” ती म्हणाली. “मले बसून बसून कंटाळा आला. अठी बसू का?”

सुभद्रानं तव्यावरची भाकर उलटली. पोर चुलीजवळ उकिडवी बसली.

“मस्त वास सुटला. सकाळपासून काई खाल्लं नाई मी. आजी म्हने, पाहुन्याच्या घरी जाचं तं भूक ठेवाची.” मग तिची नजर फळीखाली गेली. “वाळूक! मी घेऊ एक फोड?”

सुभद्राचे हात पिठात थांबले. नको, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर होता आणि निघत नव्हता. घेऊ दे, आतून कोणीतरी म्हणत होतं, तूच मागत होतीस ना, देवानं पाठवली. तुझ्या घरात पाऊल टाकायला आली आहे ती. तुझ्या नवऱ्याच्या शेजारी बसायला आली आहे.

पोरीनं गप्प बसण्याचा अर्थ हो असा घेतला. मुलं घेतातच. तिनं सरकून फोड उचलली, मीठ झटकलं, तोंड उघडलं.

“नाई!”

सुभद्रा अशी झेपावली की तवा कलंडला. तिनं पोरीच्या हातावर फटका मारला, फोड उडाली. लाथेनं थाळी उलटली आणि वाळूक सगळं मातीत गेलं. जमुनानं असा टाहो फोडला की ओसरीवरचे पुरुषसुद्धा उठून उभे राहिले.

पहिल्या धावल्या माणिकबाई. “मारलं! पोरीले मारलं! पाह्यलं का, दुर्गाबाई? अजून माप ओलांडलं नाई पोरीनं, अन् हे सवत...” आणि मग आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं. ज्यांना पटवायचं त्यांनाच आपण सवतीचा धाक दाखवला! त्यांनी घाईनं सूर बदलला. “तसं नाई, विहीनबाई. डोस्कं फिरलं इचं. आजच्या आज माहेरी धाडतो इले. सूर्यभान, गाडी जुंप!”

सूर्यभान मधल्या दारात आला होता. तो चौकट धरून तिथंच राहिला.

दुर्गाबाईंनी नातीचा हात पाहिला. लाल झाला होता. त्यांचा आवाज थंड होता. “काहून मारलं, बाई?”

“फोड खात होती,” सुभद्रा म्हणाली. तिला धाप लागली होती. “त्या वाळकावर मांस धुतल्याचं पानी उडालं. कच्चं खाल्लं असतं तं ओकारी-हगवन लागली असती. माही बहीन तशीच मेली.”

“खोटं!” माणिकबाई कडाडल्या. “एक थेंब नाई उडाला. इले मांस धुताच येत नाई, म्हनून म्या धुतलं, त्याचा दंश धरून...”

“तुमी थांबा, विहीनबाई.” म्हातारीनं कौशल्याकडं बोट केलं. “तू होतीस ना अठी? तू सांग.”

कौशल्यानं सासूकडं पाहिलं. मग सुभद्राकडं. मग तिची नजर जमुनेवर गेली, पदराला नाक पुसत हुंदके देणाऱ्या त्या पोरीवर. स्वतःच्या दोन मुली तिला आठवल्या असाव्यात.

“उडालं,” ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. “माह्या लुगड्यावरही उडालं. जाऊबाईनं सांगतलं होतं टाकून द्या म्हनून. आत्याबाईनं आयकलं नाई.”

ओसरीवर कोणीतरी खाकरलं, बहुधा खुशालराव. आता बैठक मोडणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. सुभद्रालाही. तिच्या अंगातला ताण एकदम सैल झाला. देवानं दोन्ही दिलं होतं. पोरही वाचली, आणि हे लोकही आता उठून जातील. कोण ठेवील आपली नात अशा कटकटीच्या घरी?

दुर्गाबाई उठल्या नाहीत. उलट भिंतीला टेकून खाली बसल्या, सुभद्राच्या अगदी समोर.

“माह्याकडं पाह्य,” त्या म्हणाल्या. “पोर आजारी पडली असती तं हे लगीन मोडलं असतं. तुले ठाऊक होतं ना?”

सुभद्रा बोटांना चिकटलेलं पीठ काढू लागली.

“ठाऊक होतं का नाई?”

“होतं.”

“तुह्या अंगावर काई आलं नसतं. तू सांगून मोकळी झाली होती. मंग काहून हिसकलं?”

काय सांगायचं? थाळी टाकली नाही ते सांगायचं? नको म्हणायला जीभ उचलली नाही ते? सुभद्राचे डोळे भरून आले. “पोर हाय ते,” ती म्हणाली. “तिनं माहं काय वाईट केलं?”

म्हातारीनं पदरानं डोळे टिपले आणि मोठ्यानं हाक मारली, “भगवंता! गा भगवंता, इकडं ये.”

भगवंतराव दाराशी आला. पागोटं हातातच होतं. निघायचंच आहे, असं त्यानंही धरलं होतं.

“साखर वाटा म्हनावं,” दुर्गाबाई म्हणाल्या. “आपल्याकडून हो.”

चुलीवर रस्सा खदखदत होता तेवढाच आवाज.

“मी कायले अडली होती?” म्हातारी सांगू लागली. “जमीन पाहून नाई, सोनं पाहून नाई. या पोरीले माय नाई. सवत इले काय खाऊ घालंन, या धास्तीनं मले झोप नोती. आता काई भेव नाई राहलं. स्वतःचं मोडून जे परायीच्या पोरीले वाचवते, तिच्या हाताखाली मी माही नात डोळे मिटून देतो.” तिनं जमुनेचा लाल झालेला हात उचलला आणि सुभद्राच्या पिठाळ हातात ठेवला. “घे बाई. तुह्यावर भरोसा करून देऊन राहिली मी. यायच्यावर नाई.”

सुभद्राला हात मागं घ्यायचा होता. घेता आला नाही. पोरीची बोटं गरम होती आणि तिनं घट्ट धरलं होतं.

माणिकबाई क्षणात सावरल्या. ती कला त्यांना उपजतच होती. “म्या काय म्हतलं होतं, विहीनबाई? लाखात एक सून हाय माही! कौशल्ये, साखर आन वं, उभी काय राहिली!” ओसरीवर हसण्याचे, पाठी थोपटण्याचे आवाज सुरू झाले. खुशालराव कुणाला तरी हलगीवाल्याकडं पिटाळत होते. सूर्यभान मात्र अजून दारातच उभा होता. त्यानं बायकोकडं पाहिलं. ओठ हलवले. त्याला काहीतरी बोलायचं होतं, आणि बापानं बाहेरून हाक मारली तसा तो वळून निघून गेला.

हळूहळू सगळेच बाहेर गेले. जमुना तेवढी राहिली. तिनं कलंडलेला तवा दोन्ही हातांनी सरळ केला, चटका बसल्यावर बोट तोंडात घातलं.

“ताट वाढाले पाहिजे,” सुभद्रा म्हणाली. बोलायला काही नव्हतं म्हणून म्हणाली. तिनं भाकरी मोडली, तवलीतला शिजलेला तुकडा काढून त्यावर रस्सा घातला आणि पोरीच्या पुढं सरकवला. “खाय. हे चांगलं शिजलं.”

पोर भुकेली होती. मान खाली घालून भराभर खाऊ लागली. मधेच थांबली. तोंड भरलेलं, डोळ्यांत अजून मघाचं पाणी.

“मी तुमाले काय म्हनू?”

हा प्रश्न एवढ्या मोठ्या माणसांच्या बैठकीत कुणाला सुचला नव्हता. सुभद्रा जाळाकडं पाहत राहिली. माय म्हण, असं म्हणावंसं तिला एकदा वाटलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला. पोरीचा नाही, स्वतःचा.

“मोठीबाई म्हन,” ती म्हणाली.

“मोठीबाई,” जमुनानं म्हणून पाहिलं, आणि ताट पुढं केलं. “अजून थोडा रस्सा.”

सुभद्रानं पळी उचलली आणि वाढलं.